धारेचा पट्टा आणि पोलादाचे पाणी

वेगाने फिरणाऱ्या घर्षणपट्ट्यावर सुरीला धार लावताना पट्टा निवडण्याची प्रचलित कसोटी तो किती झपाट्याने पोलाद कापतो ही असते. परंतु सुरी घडवणे आणि घडलेल्या सुरीला धार लावणे ही दोन भिन्न कामे असून, पहिल्या कामाचा उत्तम पट्टा दुसऱ्या कामात अपायकारक ठरू शकतो, याचा विचार या कसोटीत होत नाही.

सिरॅमिक पट्ट्याच्या बाबतीत हे विशेष जाणवते. सिरॅमिक म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांनी बनलेला ॲल्युमिनियम ऑक्साइड. त्याचा कण पुरेशा दाबाखाली थोडाथोडा तुटतो आणि प्रत्येक तुटीबरोबर नवी तीक्ष्ण कड उघडी पडते. जाड पट्टीतून पाते काढणारा कारागीर हा दाब सहज देतो, पण धार लावताना पाते जेमतेम टेकवायचे असल्याने कण तुटत नाहीत, गुळगुळीत होतात आणि कापण्याऐवजी नुसते घासत राहून धार तापवतात. म्हणून हलक्या हाताच्या कामाला साधा ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा त्याहून ठिसूळ व तीक्ष्ण असा सिलिकॉन कार्बाइड अधिक योग्य होय.

उष्णतेचा हा प्रश्न किरकोळ नाही. साध्या कार्बन पोलादाच्या पुष्कळ सुऱ्यांना पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून एकदम थंड केल्यावर, ठिसूळपणा घालवण्यासाठी सुमारे 200 अंश सेल्सिअसपर्यंत पुन्हा तापवतात. त्यापलीकडे धार तापली की तिचे पाणी उतरू लागते. धारेची कड इतकी पातळ असते की पाते बोटाला गार लागत असतानाही ती क्षणार्धात ही मर्यादा ओलांडू शकते. सुमारे 300 अंशांना उमटणारी निळसर झाक पुढच्या फेरीत पुसली जाते, मात्र मऊ पडलेले पोलाद खाली तसेच राहू शकते. झिजलेला पट्टा काटकसरीने वापरत राहणे म्हणूनच महागात पडते.

कणांचा बारीकपणा दाखवणारे आकडेही डोळे मिटून स्वीकारू नयेत. युरोपीय मोजपट्टीतील पी400 चा कण सरासरी 35 मायक्रॉनचा, तर जुन्या अमेरिकी मोजपट्टीतील 400 चा सुमारे 23 मायक्रॉनचा असतो. ऊसतोडीच्या कोयत्याला पी120 वर थांबले तरी चालते. स्वयंपाकघरातील सुरीला पी400 पर्यंत जावे, मात्र आरशासारखी चकाकी आणण्याच्या हट्टात टोमॅटोच्या सालीत शिरणारे धारेचे सूक्ष्म दातेही नाहीसे होतात.

शेवटी कडेवर उरलेली पोलादाची दुमडलेली बारीक कोर, म्हणजे बर, क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या कातडी पट्ट्यावर काढतात. या वेळी धार पट्ट्याच्या गतीच्या दिशेनेच वळलेली असावी लागते, अन्यथा पाते कातड्यात रुतून हातातून हिसकले जाते.