चिंतन : 'फ्री' नाश्ता आणि पाच घरची माधुकरी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गाणगापूर यात्रेचे दिवस जवळ आले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, सगळीकडच्या मंडळींची हॉटेल बुकिंगं सुरू आहेत. आणि दर वेळेप्रमाणे ग्रुपवर पहिला प्रश्न आलाच, "नाश्ता फ्री आहे ना?" म्हणून या वेळचं चिंतन नाश्त्यावरच करू या.

आधी 'फ्री' या शब्दाचं बघू. तो नाश्ता फुकट नसतो, खोलीच्या भाड्यात धरलेला असतो. आणि धरलेला असतो तो खोलीत नोंद केलेल्या माणसांपुरता, तिथे बसून एक वेळ खाण्यापुरता. नोंद दोघांची आणि नाश्त्याला चौघं, किंवा निघताना ब्रेड, केळी, लोण्याच्या पुड्या पर्समध्ये, हे काही भाड्यात आलेलं नसतं. योगशास्त्राच्या यमांमध्ये अस्तेय सांगितलंय. अस्तेय म्हणजे जे आपलं नाही ते न घेणं. त्यात लाख रुपये वेगळे आणि लोण्याची पुडी वेगळी असा भेद नाही.

२०१९ च्या जुलैत स्वित्झर्लंडच्या ग्श्टाड गावातल्या एका हॉटेलची पाटी मोबाईलवर सगळीकडे फिरली होती, आठवत असेल. भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी म्हणून खास लिहिलेली. नाश्त्याच्या टेबलावरचं काही बरोबर नेऊ नका, हवं तर दुपारचा डबा विकत मिळेल, अशी सूचना. आपल्याच लोकांचं नाव घेऊन लिहिलं म्हणून पुष्कळ टीका झाली, आणि ती योग्यच होती. सगळ्यांसाठी एकच पाटी हवी. पण राग येऊन गेल्यावर मनाला विचारायला हवं, की ही पाटी वाचून आपल्याला आधी राग आला की आधी कुणीतरी ओळखीचं डोळ्यांपुढे आलं?

दुसरी गोष्ट ताटाची. पोहे, इडली, पराठा, उपमा, वर जिलेबी, सगळं एकदमच वाढून घ्यायचं आणि निम्मं टाकून उठायचं. का, तर "पैसे वसूल झाले पाहिजेत." अहो, टाकलेल्या अन्नातून कोणाचे पैसे वसूल होतात? भांड्यात उरलेलं एखाद्या वेळी कुणाच्या मुखी लागेल, ताटात उष्टं झालेलं कोणालाच देता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. आम्ही इंदूरवाले ओला कचरा-सुका कचरा वेगळा करण्यात देशात नाव काढून आहोत. पण ओल्या कचऱ्याच्या डब्यात नीट टाकलेली जिलेबीसुद्धा टाकलेलीच जिलेबी ना!

आता गाणगापूरचं बघा. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करायचं, निर्गुण पादुकांचं दर्शन घ्यायचं आणि दुपारी झोळी घेऊन निदान पाच घरी माधुकरी मागायची. श्रीनृसिंहसरस्वती महाराज आजही मध्यान्ही तिथे भिक्षेला येतात अशी आपली श्रद्धा आहे. बंगला-गाडीवाला माणूसही तिथे झोळी पुढे करतो. कोणी भाकरीचा तुकडा घालतं, कोणी चमचाभर भात. "अजून घाला" असं कोणी म्हणत नाही, आणि मिळालेलं शीतही खाली पडू देत नाही. तेच आपण, त्याच दिवशी सकाळी, हॉटेलच्या टेबलाशी कसे उभे असतो? सकाळचा हात आणि दुपारचा हात एकच आहे. महाराजांना दोन्ही दिसतात.

गुरुचरित्राच्या पारायणात परान्नाची कथा आपण ऐकतो. नवऱ्याचं परान्न न घेण्याचं व्रत, बायकोचा जीव मेजवानीत अडकलेला. महाराजांनी तिची इच्छा पुरवायला सांगितली, आणि पंगतीत तिला आपल्याबरोबर कुत्री-डुकरं जेवताना दिसली. कथेत बाई आहे म्हणून पुरुषमंडळींनी हसू नये, जिलेबीच्या काउंटरवर रांग कोणाची असते ते आम्हाला माहीत आहे! हॉटेलचं अन्न पैसे देऊन घेतलेलं, ते काही परान्न नव्हे. पण कथा सांगते ती हावरेपणाची. आणि त्याच ग्रंथात भास्कर ब्राह्मणाची कथा आहे. तिघांपुरता शिधा, आणि जेवले चार हजार. हाव असली की भरलं टेबल पुरत नाही, आणि कृपा असली की तिघांचं चार हजारांना पुरतं.

सगळ्यात जपायचं ते मुलांना. "कोणी विचारलं तर पाच वर्षांचा आहे म्हण," हे वाक्य आठ वर्षांच्या लेकराला शिकवून आपण दोनशे-तीनशे रुपये वाचवतो. तेच लेकरू संध्याकाळी आपल्या शेजारी बसून आरती म्हणतं. त्याने दोन्हींतलं खरं काय समजायचं?

म्हणून या यात्रेत एवढं पाळू या :

*१.* जितकी माणसं तितकीच नोंद. मुलांचं वय खरं सांगायचं. जादा माणसाचे पैसे आधी विचारून भरायचे.

*२.* पहिल्यांदा थोडंच वाढून घ्यायचं. लागलं तर पुन्हा उठायचं, त्यात कमीपणा नाही.

*३.* साखरेचा त्रास असलेल्यांना किंवा औषधं घेणाऱ्या आजी-आजोबांना वाटेत काही लागतं. खिशात न घालता सरळ विचारायचं, "दादा, दोन केळी नेऊ का?" बहुतेक जण आनंदाने देतात. नाही म्हटलं तर बाहेर विकत घ्यायची.

*४.* रांग मोडायची नाही, वाढणाऱ्याला "ए" म्हणून हाक मारायची नाही. आपण उठायच्या आधी तो उठलेला असतो, आणि हिशेब जुळला नाही की बोलणी त्यालाच बसतात.

*५.* उठताना "अन्नदाता सुखी भव" म्हणायचं, मनात का होईना.

आपल्या गळ्यात गुरुमाउलींच्या नावाचं उपरणं असतं. लोक आपली पोथी वाचायला येत नाहीत, आपलं ताट बघतात. ते स्वच्छ असलं की आपली निम्मी यात्रा तिथेच झाली.

श्रीगुरुचरणी हीच प्रार्थना. पोस्ट घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, मुलांना आवर्जून.

गुरुदेव दत्त 🙏
— सेवेकरी भगिनी, इंदूर