दुबळा हेतू

मनोविकल व्यक्तीच्या कृतीला भारतीय दंड संहितेच्या कलम 84 ने अपराध मानले नाही. जुलै 2024 पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये आहे. मात्र केवळ आजार सिद्ध होऊन भागत नाही. कृती करतेवेळी, मनोविकलतेमुळे, तिचे स्वरूप किंवा तिचा गैरपणा जाणण्यास ती व्यक्ती असमर्थ असली पाहिजे. 'करतेवेळी' या शब्दावर सगळा भार आहे, आणि तो क्षण न्यायालयाने पाहिलेला नसतो. त्याच्या मागचे-पुढचे कथन वाचूनच अनुमान करावे लागते. हे वाचन कोणत्या संकेतांवर चालते, हा प्रश्न म्हणूनच समीक्षेच्याही कक्षेत येतो.

24 एप्रिल 1994 रोजी महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाने कपडे धूत असलेल्या पत्नीच्या डोक्यात वाटणाचा दगड घालून तिला ठार केले. सत्र न्यायालयाने व उच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. उच्च न्यायालयाला त्यात रागाचा उद्रेक दिसला. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये त्याला कलम 84 चा लाभ दिला. वडिलांना मानसिक आजार होता. त्याच्यावर स्वतःवर 1992 पासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनियासाठी उपचार चालू होते. घटनेनंतर 27 जून ते 5 डिसेंबर 1994 या काळात त्याला 25 वेळा रुग्णालयात न्यावे लागले. तो पळाला नाही, लपला नाही. आणि हेतू फारच दुबळा होता: त्याने नोकरीचा राजीनामा देण्यास पत्नीचा विरोध होता.

यातील शेवटचे कारण इतरांच्या जातीचे नाही. उपचारांची नोंद ही वस्तुस्थिती आहे. हेतू दुबळा असणे हा वाचकाचा निवाडा आहे. कारण क्षुल्लक आणि परिणाम भीषण, तेव्हा मधली कडी वेडाचीच असणार, असे हे अनुमान आहे. कथेतील घटना संभाव्य वाटते की नाही हे ठरवताना आपण हीच कसोटी लावतो. पण भाजी अळणी झाली, जेवण वाढायला उशीर झाला, एवढ्यावरून बायकोचा जीव घेणारे नवरे आपल्या वर्तमानपत्रांत नेहमी भेटतात, आणि त्यांना कोणी मनोविकल म्हणत नाही. अशा समाजात हेतूचे दुबळेपण विवेकाच्या अभावाइतकेच स्त्रीच्या नकाराला असलेल्या किमतीचेही द्योतक असू शकते. तिने विरोध का केला, याला तर या युक्तिवादात काही कामच उरत नाही. तिचा नकार केवळ त्याच्या आजाराचा पुरावा म्हणून नोंदला जातो.

राग की आजार, हा वादही भाषेच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जालना रस्त्यावरील करमाडसारख्या गावात पोलीस ठाण्यात कोणी 'त्याचं डोकं फिरलं' असा जबाब दिला, तर त्याचा अर्थ संतापला असाही होतो आणि वेड लागले असाही. कायद्याला जे दोन वेगळे हवेत ते बोलीने एकत्र ठेवले आहेत. ही बोलीची ढिलाई आहे असे मला वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही शेवटी राग हा स्किझोफ्रेनियाच्या झटक्यातला असू शकतो, असेच म्हटले.

उलट बाजूची अडचण अधिक गंभीर आहे. आजारी माणसाजवळ भक्कम हेतूही असू शकतो. 1835 मध्ये आई, बहीण व भाऊ यांना मारणाऱ्या पिएर रिव्हिएरने आपली कारणे तपशीलवार लिहून दिली. फूको आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती संहिता 1973 मध्ये प्रकाशित केली. त्या लेखनातील सुसंगती काहींना विवेकाचा पुरावा वाटली, काहींना वेडाचा, आणि डॉक्टरांतही मतभेद झाले. हेतूच्या दुबळेपणाला पुरावा मानले, तर रिव्हिएरसारख्या आरोपीचा हेतू सबळ म्हणून त्याचा आजार नाकारावा लागेल. बचाव पक्षाला वाजवी संशयापलीकडे काही सिद्ध करावे लागत नाही, शक्यतेचे पारडे झुकले तरी पुरते. शिपायाच्या खटल्यात ते झुकवायला रुग्णालयातील नोंदी पुरेशा होत्या.