निनावी दुखणे

हाड मोडले म्हणजे ते चित्रात दिसते, ताप आला म्हणजे पारा चढतो, जखम झाली म्हणजे रक्त येते. ही दुखणी आपली साक्ष आपणच देतात. परंतु एखाद्याचा खांदा दुखतो, कळ दंडातून कोपरापर्यंत उतरते, रात्री त्या कुशीवर निजता येत नाही, सदरा घालताना हात मागे जात नाही. आणि एवढे असूनही साऱ्या तपासण्या निर्दोष येतात. अशा मनुष्याची फिर्याद खरी असते, पण तिला पुरावा नसतो. त्याच्यावर विश्वास ठेवणे हे इतरांचे कर्तव्य आहे काय, आणि असल्यास ते कोठवर, हा प्रश्न वैद्यकाइतकाच नीतीचाही आहे.

आम्हांस तो पुस्तकात भेटला नाही. म्हैसूरजवळच्या टी. नरसीपूर या तालुक्याच्या गावी केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करीत असता गेले वर्षभर आमचा उजवा खांदाच तो आम्हांस विचारीत आहे. गावातील डॉक्टरांनी मलम दिले. पुढे सुमारे तीस किलोमीटरवरील म्हैसूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. मानेचे व खांद्याचे क्ष-किरण चित्र, रक्तातील साखर, हृदयाचा आलेख, सारे झाले. प्रत्येक कागदाचा आशय एकच : दोष नाही. एका तज्ज्ञाने कागद परत करताना "तुम्हांला काही झालेले नाही" असे सांगितले. कचेरीत त्याचा अर्थ "यांना काही होत नाही" असा घेतला गेला. खांदा मात्र दुखतच राहिला.

डॉक्टरांची अडचण खरी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. खांद्याइतका मोकळा सांधा शरीरात दुसरा नाही. दंडाच्या हाडाचे गोल डोके उथळ खोबणीत टेकलेले असते आणि त्याला सावरून धरण्याचे काम स्नायू व बंध करतात. शिवाय जेथे दुखते तेथेच कारण असते असेही नाही. मानेच्या मणक्यांपाशी मज्जातंतू दाबला गेला तर कळ हातात उतरते. हृदयाचे दुखणे डाव्या हातात बोलते. पित्ताशयाचा दाह कधी उजव्या खांद्याच्या टोकाशी जाणवतो. कारण श्वासपटलाचा मज्जातंतू आणि खांद्याकडे जाणारे काही तंतू मानेच्या एकाच भागातून निघतात. फुफ्फुसाच्या शेंड्याशी वाढणारी गाठही क्वचित खांदेदुखीचे रूप घेऊन येते. म्हणून भयंकर कारणे आधी वगळणे हे डॉक्टरांचे पहिले काम होय, आणि त्या दृष्टीने "दोष नाही" हा निर्वाळा लहानसहान दिलासा नव्हे. परंतु वगळणे म्हणजे उलगडणे नव्हे. जे शोधले ते सापडले नाही, एवढाच त्याचा अर्थ. "सापडले नाही" आणि "नाही" यांत जे अंतर आहे, त्यातच या प्रश्नाचे सारे मर्म आहे.

मग रोग्याला नावाचा एवढा ध्यास का असावा? नावे काही थोडी नाहीत. खांद्यातील बंध शोषले जाऊन हात आखडणे, या विकाराला आयुर्वेदाने अवबाहुक म्हटले. फ्रान्समध्ये दुप्ले याने १८७२ मध्ये अशा खांद्याचे वर्णन केले. अमेरिकेत कॉडमन याने १९३४ मध्ये त्याला "गोठलेला खांदा" हे नाव दिले, आणि त्याची व्याख्या करणे, त्याला बरे करणे व त्याचा उलगडा करणे ही तिन्ही कामे कठीण आहेत, अशी कबुलीही दिली. म्हणजे नाव मिळाले तरी ज्ञान मिळतेच असे नाही. तथापि नाव रोग्याला एक गोष्ट निश्चित देते : आपल्यापूर्वी हे कोणाला तरी झाले होते, आपण एकटे नाही आणि खोटेही नाही, हा आधार.

या बाबतीत चरकसंहितेतील एक विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात असे सांगितले आहे की, सर्व विकारांना ठरलेली नावे असतातच असे नाही. म्हणून एखाद्या विकाराचे नाव सांगता आले नाही तर वैद्याने कधीही लाजू नये. त्याने दोषाचे स्वरूप, स्थान व कारण पाहून उपचारास लागावे. यातील लाजेचा उल्लेख मार्मिक आहे. अज्ञानाची लाज वाटणारा वैद्य ते अज्ञान रोग्याच्या माथी मारतो, आणि "हे सारे मनाचे आहे" असे सांगून मोकळा होतो. जो लाजत नाही तो "मला कळले नाही, पण पुन्हा या" असे म्हणू शकतो.

यंत्रे सुधारली म्हणजे ही अडचण सरेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खांद्याची काहीच तक्रार नसलेल्या ९६ माणसांची चुंबकीय चित्रे काढली, तेव्हा त्यांपैकी ३४ टक्के जणांच्या खांद्यातील स्नायुबंध फाटलेले आढळले. चित्रात दोष आहे पण दुखत नाही, असे होऊ शकते. मग दुखते आहे पण चित्रात दोष नाही, हे अशक्य कसे म्हणावे?

आम्हां कारकून वर्गाला या वादाचा इतिहास जवळचा आहे. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या दुखण्यांचा विचार केला. सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण, ही तीन कारणे त्याने दिली. आणि लिहून लिहून उजवा हात निकामी झालेल्या एका लेखनिकाची हकीकतही सांगितली. मोडीचे बोरू झिजविणाऱ्या आमच्या पूर्वजांचे खांदे काही निराळे नसतील. त्यांची दुखणी मात्र दप्तरात नोंदली जात नसत. ब्रिटनमध्ये तारायंत्रावरील कारकुनांच्या हाताच्या पेटक्याला १९०८ मध्ये भरपाईयोग्य रोगांच्या यादीत स्थान मिळाले. तरी पुढे १९११ मध्ये सरकारी समितीने थकव्याबरोबर त्यांच्या मज्जादौर्बल्याकडेही बोट दाखविलेच. १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात कळफलकावर काम करणाऱ्यांचे हात दुखू लागले, तेव्हा हे दुखणे शरीराचे की मनाचे, हाच वाद पुन्हा पेटला.

येथे दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९७२ च्या रजा-नियमांतील वैद्यकीय प्रमाणपत्राच्या नमुन्यात रोगाच्या नावासाठी जागा सोडलेली असते. ती जागा उगीच नाही. सार्वजनिक पैशातून रजा द्यावयाची तर केवळ शब्दावर ती कशी द्यावी? ढोंगी माणसेही जगात आहेतच. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण तो हक्काच्या मागणीपुरता आहे. भरपाईसाठी पुरावा मागणे न्याय्य होय; सहानुभूतीसाठी तो मागणे न्याय्य नव्हे. चार ढोंग्यांना पकडण्यासाठी एका खऱ्या दुखणाइताला खोटे ठरविणे, हा हिशेब नीतीच्या वहीत जमत नाही. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा वेदना होत असल्याचे माणूस सांगतो त्याचा मान राखावा, असे त्यासोबत स्पष्ट नमूद केले.

मात्र रोग्यालाही कर्तव्य आहे. हाती लागेल ते नाव पकडून बसू नये, दर आठवड्याला डॉक्टर बदलू नये, सांगितलेला व्यायाम चुकवू नये, आणि दुखणे नुसते अंगावरही काढू नये. केव्हा वाढते, केव्हा उतरते, हे प्रामाणिकपणे टिपून ठेवावे. विश्वास मागणाऱ्याने अतिशयोक्ती टाळलीच पाहिजे.

नैयायिक म्हणतात की, सुखदुःखे ज्याची त्याला मनाने प्रत्यक्ष होतात; इतरांना ती अनुमानानेच कळावयाची. "ज्याचे जळते त्याला कळते" या आपल्या म्हणीतही तेच आहे. पण म्हण तेथे थांबते आणि नीती तेथून सुरू होते. या गावी कावेरीला कपिला मिळते. डोळ्यांना दोनच नद्या दिसतात. तिसरा स्फटिक सरोवराचा गुप्त प्रवाह लोक श्रद्धेने मानतात आणि या स्थळाला त्रिवेणी म्हणतात. १९८९ पासून येथे कुंभमेळाही भरतो. न दिसणाऱ्या जलापुढे हात जोडणाऱ्या समाजाला न दिसणाऱ्या वेदनेपुढे क्षणभर थांबणे जड जाऊ नये. याच गावात कोशांतून रेशीम काढण्याचा सरकारी कारखाना आहे. गरम पाण्यातील कोशाचे टोक शोधून धागा जोडीत दिवस काढणाऱ्या एखाद्या बाईचा खांदा दुखला, तर तिला म्हैसूरच्या फेऱ्या परवडतील काय? तिच्या दुखण्याला कदाचित कधीच नाव मिळणार नाही. तिने "दुखते" म्हटल्यावर आपण काय म्हणतो, यावर आपली परीक्षा आहे. आणि त्या परीक्षेला कोणत्याही यंत्राची गरज नाही.