झटका कुठवर?

वीज माणसाला मारते, हे आमच्या रामाकोन्याच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. विहिरीवरची मोटार त्याला ते शिकवते. पण तीच वीज माणसाला तारते कशी आणि तिचा आग्रह कुठवर धरावा? पहिला प्रश्न शास्त्राचा आहे, दुसरा नीतीचा.

१८९९ साली जिनिव्हात प्रेव्हो आणि बातेली या संशोधकांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. सौम्य झटक्याने हृदयाची लय बिघडते आणि जोरदार झटक्याने तो बिघाड थांबवता येतो, असे त्यांना आढळले. पुढे १९४७ साली अमेरिकेत डॉ. क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी चौदा वर्षांच्या एका मुलाच्या उघड्या हृदयाला झटका देऊन त्याला वाचविले.

या बिघाडात हृदयाचे स्नायूतंतू शाळा सुटल्यावरच्या पोरांसारखे ज्याच्या त्याच्या मनाने थरथरतात. हालचाल असते, पण रक्त पुढे जात नाही. झटका बहुतेक पेशींना एकाच क्षणी उत्तेजित करतो. मग त्या एकदमच शांत होतात. त्या शांततेत हृदयाचे स्वतःचे लयकेंद्र पुन्हा ताल धरते. म्हणजे झटका हृदय चालू करीत नाही, गोंधळ थांबवितो. सरळ रेषेवर झटके देणारा हिंदी चित्रपटातला डॉक्टर म्हणूनच खोटा. तिथे छाती दाबणे आणि औषधे हाच उपाय. शिवाय जोरदार झटक्याने स्नायूलाही इजा होऊ शकते. तो काही काळ मंदावतो.

तेव्हा वाचकहो, आपले कर्तव्य कोणते? अचानक कोसळलेल्या माणसाच्या बाबतीत उशीर हाच अपराध. छातीही दाबली नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची आशा सात ते दहा टक्क्यांनी घटते. नागपूर लांब आहे; छाती दाबण्याची विद्या मात्र गावातही शिकता येते.

परंतु जीर्ण व्याधीने थकलेल्या म्हाताऱ्या जीवासाठी ‘डॉक्टरसाहेब, आणखी एक झटका द्या’ असा हट्ट धरणे, हे प्रेम की आपल्याच भीतीचे समाधान? हृदयाकडे स्वतःचा ताल उरला नसेल, तर झटका तो उसना देऊ शकत नाही. सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी म्हटले आणि आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्यास मान्यता दिली.

दिवाळीत घरची सारी माणसे एकत्र येतात. आईवडिलांना त्यांची इच्छा विचारणे अशुभ मानू नये. रुग्णालयाच्या दारात तो निर्णय भांबावलेल्या मुलांवर टाकणे अधिक क्रूर आहे.