पाद्री कॅरीची बाग

1820 साली श्रीरामपूरच्या (आपल्याकडच्या नव्हे, हुगळीकाठच्या) मिशन छापखान्यात ‘फ्लोरा इंडिका’चा पहिला खंड छापून झाला. ग्रंथ विल्यम रॉक्सबर्गचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्याच्या बागेचा हा प्रमुख 1815मध्येच वारला होता. त्याचे हस्तलिखित तपासून छापण्याचे काम विल्यम कॅरी या बाप्टिस्ट मिशनऱ्याने अंगावर घेतले. पानेच्या पाने पाकळ्या, पुंकेसर आणि बीजकोशांच्या वर्णनाची. शीर्षकपृष्ठावर मात्र स्तोत्रसंहितेतले वचन. देवाची सगळी निर्मिती त्याचे स्तवन करते, अशा अर्थाचे.

वचन शोभेचे वाटेल, पण कॅरीच्या पंथाला ते थोडे अडचणीचे होते. झाडेझुडपे परभारे ईश्वराचे गुण गात असतील, तर ते गुण सांगायला समुद्र ओलांडून यायचे कशाला? कॅल्व्हिनच्या परंपरेत याचे उत्तर तयार आहे : सृष्टी कर्त्याचा महिमा सांगते, पापक्षमेचा मार्ग सांगत नाही, त्यासाठी शास्त्रच हवे. कॅरीनेही बहुधा हेच उत्तर दिले असते. पण त्याने पाच एकरांची बाग का लावली, हे त्यातून उलगडत नाही.

तो 1761 साली नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या एका खेड्यात जन्मला आणि चांभारकाम शिकला. लहानपणी त्याची खोली किड्यांनी आणि वनस्पतींनी भरलेली असे. 1793मध्ये तो बंगालात आला. कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून मुदनाबाटीच्या नीळ कारखान्यावर व्यवस्थापक झाला. तिथे त्याचा मुलगा पीटर दगावला आणि पत्नी डोरोथीचे मानसिक संतुलन ढळले ते कायमचे. त्याच्या प्रयत्नांतून पहिला हिंदू, कृष्ण पाल, बाप्तिस्म्याला उभा राहिला तो डिसेंबर 1800मध्ये. सात वर्षे माणसे बधली नव्हती. बी मात्र दर पावसाळ्यात उगवत होते. बाग हे त्याचे सांत्वन होते असे म्हणण्याचा मोह इथे होतो. ते खरेही असेल, पण पुरेसे नाही.

श्रीरामपूर डेन्मार्कच्या ताब्यात होते, त्यामुळे तिथे त्याला थारा मिळाला. लिनियसच्या वर्गीकरणाच्या पद्धतीने वाफे आखले गेले. इंग्लंडहून मागवलेल्या बियांची पिशवी रिकामी झाल्यावर त्याने तळाची मातीसुद्धा एका सावलीच्या कोपऱ्यात झटकली, आणि तिच्यातून इंग्लिश डेझीचे एक रोप वर आले. त्याला कोण आनंद झाला! धर्मप्रसाराला या गवती फुलाचा काडीचा उपयोग नव्हता. 1820मध्येच त्याने पुढाकार घेऊन स्थापलेल्या कृषी व उद्यान संस्थेला निदान शेती सुधारण्याचा हेतू तरी होता.

महाराष्ट्राशी त्याचा संबंध दोन वाटांनी येतो. रॉक्सबर्गने ‘केरिया’ ही प्रजाती त्याच्या नावाने केली. तिच्यातलाच एक वृक्ष म्हणजे सह्याद्रीच्या रानातला कुंभा, ज्याच्या सालीच्या तंतूंची तोड्याच्या बंदुकीसाठी जामगी करत. पाद्र्याच्या वाट्याला असे झाड यावे, हा योग गमतीचाच.

दुसरी वाट भाषेची. फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठी शिकवी. पंडित वैजनाथांच्या मदतीने त्याने 1805मध्ये मराठी व्याकरण आणि 1810मध्ये कोश छापला; पुढच्याच वर्षी नवा करार आला. त्या भाषांतरावर नंतर बरीच टीका झाली, आणि ती रास्त होती. मराठी मुलुखात त्याने कधी पाऊल ठेवले नव्हते, आणि एकाच वेळी कितीतरी भाषांत बायबल उतरवण्याची त्याला घाई होती. वनस्पतीच्या बाबतीत ही घाई त्याने केली नसती. फूल आल्याखेरीज ओळख पटत नाही, मग ऋतूभर थांबायचे, हे त्याला ठाऊक होते.

खरी मेख इथे आहे. सहकारी मिशनरी मार्शमनबरोबर त्याने रामायणाचे इंग्रजी भाषांतर छापले, तेही त्यामागची श्रद्धा खोटी आहे असे आधीच ठरवून. वाफ्यात अनोळखी रोप दिसले की त्याची नजर निकाल लांबणीवर टाकी. शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यापुढे तिला तेवढा धीर नव्हता. कॅरीच्या श्रद्धेत सृष्टीपुढची नम्रता होती. ती माणसांच्या उपासनेपर्यंत पोहोचली नाही. वसाहतीच्या काळाचा हा ठसा त्याच्यावर उमटलाच. मात्र सगळा दोष काळाच्या माथी मारून भागत नाही, कारण थांबून पाहणे म्हणजे काय हे त्याला चांगले कळत होते.

1823च्या दामोदरच्या पुरात घर आणि बाग दोन्हींची वाताहत झाली. साठी उलटलेल्या कॅरीने पुन्हा लागवड केली. 1834च्या जूनमध्ये तो वारला. कबरीवर स्तोत्रकार आयझॅक वॉट्सच्या दोनच ओळी कोराव्यात, ही त्याची इच्छा. त्यांत माणूस स्वतःला असहाय किडा म्हणवून देवाच्या हातावर स्वतःला सोपवतो. आत्म्याची व्यवस्था अशी लागली होती. चिंता होती ती बागेची : आपल्यामागे मार्शमन वाफ्यांत गाई सोडतील, असे तो अखेरच्या आजारात बोलून दाखवत होता.