स्मृती, वंश आणि दायित्व

वल्हांडणाच्या रात्री ज्यू कुटुंबातील धाकटे मूल प्रश्न विचारते आणि वडीलधारे मिसर देशातील दास्याची व मुक्तीची कथा सांगतात. प्रत्येक पिढीने आपण स्वतःच मिसरमधून बाहेर पडलो असे मानावे, अशी 'हग्गादा' या विधिग्रंथाची अपेक्षा आहे. सांगणारा वा ऐकणारा, कोणीही त्या घटनेचा साक्षीदार नसतो. म्हणजेच येथे स्मृती हा पुरावा नसून पत्करलेले दायित्व आहे.

कोकणातून आलेल्या बेने इस्रायल समाजाने हे दायित्व मराठीतूनही निभावले. हग्गादाची मराठी भाषांतरे १८४६ मध्ये मुंबईत व १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. परंतु इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या याच समाजाच्या विवाहांसाठी तेथील मुख्य रब्बीमंडळाने १९६२ मध्ये माता-मातामहींच्या कुळाची चौकशी अनिवार्य केली. तीव्र आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्या निर्देशातील समाजाचा नामोल्लेख वगळण्यात आला.

हा केवळ पूर्वग्रह होता, असे म्हणून प्रश्न सुटत नाही. मातृवंश हाही त्याच परंपरेचा निकष आहे आणि केवळ कथनाने समाजाची सीमा ठरत नाही. तथापि, ज्या स्त्रियांच्या कुळाविषयी शंका घेतली गेली, त्यांच्याच पूर्वजांच्या घरांत रब्बी व ग्रंथ यांच्या अभावीही शनिवारचा विसावा, सुंता आणि आहारनियम टिकून राहिले होते. जन्म निवडता येत नाही. दायित्व मात्र नाकारता येत असूनही पत्करले जाते. म्हणून परंपरेवरील नैतिक अधिकार वंशावळीपेक्षा या स्वीकारातून अधिक सिद्ध होतो.