सोंग आणि कसब

बोदवडच्या बाजारांत एकदां एक बहुरूपी फौजदाराच्या वेषांत आला. कापसाच्या हंगामाचे दिवस. रस्ता गाड्यांनीं भरलेला. एका गाडीवानास तो दरडावूं लागला. जवळ उभ्या असलेल्या एका वकिलांनीं हंसत विचारिलें, "फौजदारसाहेब, कलम कोणतें?" त्यास कायद्याचें अक्षरही येत नसावें, पण तो क्षणभरही अडला नाहीं. "कलम खिशांतच आहे, शाई संपली म्हणून हा सुटला!" बाजार हंसला, आणि वकिलांनींच प्रथम पैसे काढिले.

येथें जिंकलें कोण, फौजदार कीं बहुरूपी? फौजदारास कायदा यावयास हवा होता, तो आला नाहीं. बहुरूप्याच्या हजरजबाबीपणानें त्याची अब्रू राखिली. हा प्रश्न आम्ही विसरलों होतों. आमच्या भाच्याच्या एका छंदामुळें तो पुन्हा आठवला.

१९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें संगणकावर एक शब्दांचा खेळ रचिला; पुढें रिचर्ड बार्टल यानें तो वाढविला. अशा खेळांत चित्र नसतें. पडद्यावरील वर्णन वाचावें आणि आपण काय करितों तें लिहावें. दूरदूरचे इतर खेळाडूही त्याच वेळीं त्याच नगरींत वावरत असतात. पुढें या खेळांच्या शाखा झाल्या. कांहींत लढाई प्रधान राहिली, १९८९ च्या 'टायनीमड'नें लढाईस फांटा देऊन संभाषणास महत्त्व दिलें, तर कांहींत घेतलेलें सोंग अखेरपर्यंत निभावलें पाहिजे असा दंडकच आहे.

तंटा येथेंच आहे. सोंग चतुर मंत्र्याचें असेल, तर चातुर्य कोणाचें मोजावें? बाहुबळ उसनें देतां येतें. खेळणारा काडीपैलवान असला तरी यंत्र आंकडे पाहून त्यास भीम ठरवितें. वाक्चातुर्य तसें उसनें मिळत नाहीं. शहाण्यास वेड्याचें सोंग घेतां येतें, पण मंदबुद्धीस बिरबल होतां येत नाहीं. कित्येकांचें म्हणणें, तेथेंही आंकड्यांवरूनच निकाल द्यावा: मंत्र्यानें राजाचें मन वळविलें, एवढें कळविलें कीं झालें. यांत समता आहे खरी. पण मग शब्दांच्या खेळांत शब्दच उरत नाहींत.

आपल्या कलगी-तुऱ्याच्या फडांनीं हा निवाडा आपल्यापरी केला होता. कलगीवाल्यानें शक्तीचें श्रेष्ठत्व मांडावयाचें, तुरेवाल्यानें शिवाचें. पक्ष ठरलेला, पण सवालाचा जबाब ज्याचा त्यानेंच उभ्याउभ्या द्यावयाचा. प्रतिपक्षाचें म्हणणें मनोमन पटलें तरी तें आपल्या तोंडून निघतां कामा नये. कुंपण सोंगाचें, आंतील धांव स्वतःची! हीच रीत आम्हांस रास्त वाटे.

वाटे, असें म्हणण्याचें कारण आमचा भाचा. तो बोलतांना अडखळतो. उत्तर येत असूनही वर्गांत खालीं मान घालून बसतो. फडावर उभें केलें असतें तर पहिल्याच सवालाला तो हरला असता, आणि आम्हीं म्हटलें असतें कीं त्याच्या अंगीं कसब नाहीं. या खेळांत मात्र तो दोन वर्षें एका राजाचा मंत्री होता; लिहितांना त्याची जीभ आड येत नसे. ज्यास आम्ही कसब म्हणत आलों त्यांत बुद्धी किती आणि जिभेचा नुसता सराव किती, याचा विचार आम्हीं कधीं केलाच नव्हता.

गेल्या पावसाळ्यांत त्याचा मंत्री तहाच्या बोलण्यासाठीं शत्रूच्या गडावर निघाला. वाटाड्या फितूर होता. पूर्वीं दुसऱ्या एका सोंगानें, शिपाई म्हणून, खेळतांना भाच्यास हें कळलें होतें. तरी तो त्याच्यामागून गेला आणि मंत्री मारला गेला. त्या खेळांत मेलेला पुन्हा उठत नाहीं. दोन वर्षांची मेहनत एका रात्रींत गेली. ठाऊक असून जीव कां दिलास, म्हणून आम्हीं त्यास वेड्यांत काढिलें.

"मला ठाऊक होतें, मामा," तो म्हणाला, "मंत्र्याला कोठें ठाऊक होतें?"